गुडघा दुखतो म्हणून गेलो, दुखणं खुब्यात निघालं

या अस्थिरोगतज्ज्ञांना पाचपैकी पाच तारे देतेय, ते निव्वळ तपासणीसाठी. आईचा उजवा गुडघा बरेच महिने दुखत होता. आधीच्या ठिकाणी एक्स-रेमध्ये थोडी झीज दिसली म्हणून गोळ्या आणि गुडघ्याचा पट्टा मिळाला. तिला झोपवून पाय हलवून मात्र कुणी पाहिला नाही. मला अजूनही याचा राग येतो.

या अस्थिरोगतज्ज्ञांनी फाइल बाजूला ठेवली. "आजी, कुठे दुखतं ते हाताने दाखवा." आईने गुडघा दाखवला, मग मांडी, आणि शेवटी अंगठा मागे, बोटं जांघेकडे असा पंजा खुब्याभोवती धरला. मग प्रश्न सुरू झाले. पायाची नखं कापता येतात का? मोजे घालताना कळ येते का? त्या कुशीवर झोपता येतं का? पडलात का, ताप, वजन घटणं, पूर्वी कधी स्टेरॉइड?

मग तिला चालायला लावलं, एका पायावर उभं करून कंबर दुसऱ्या बाजूला झुकते का ते पाहिलं. झोपवून सरळ पाय उचलला, तेव्हा काहीच दुखलं नाही, म्हणजे कमरेतली नस दबल्याची शक्यता कमी झाली. गुडघा दाबून, वाकवून पाहिला, तोही शांत. खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर दाबलं, तिथेही नाही. तिथे दुखलं असतं तर कंडरांचा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचा, संशय आला असता. मग गुडघा काटकोनात वाकवून पाऊल बाहेर नेत मांडी आत फिरवली, आणि आई कळवळली. कळ थेट जांघेत! डावा पाय सहज फिरत होता, उजवा जेमतेम. खुब्याची झीज होते तेव्हा बहुधा हीच हालचाल आधी कमी होते, असं त्यांनी मला दोन्ही पाय फिरवून दाखवत सांगितलं. काही नसांच्या शाखा खुबा आणि गुडघा दोन्हींकडे जातात, म्हणून दुखणं गुडघ्यात जाणवतं.

उभं राहून दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढला. उजवीकडे सांध्यातली फट अरुंद, कडेला हाड वाढलेलं, म्हणजे झीज खुब्यातच. एमआरआय हवा का, मी विचारलं. ते म्हणाले, इथे नको. खुब्याच्या सांध्यात बसणाऱ्या मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटला असेल तर सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, पडल्यावरची बारीक भेगही कधी निसटते. तेव्हा एमआरआय लागतो. खुबा की कंबर हे ठरतच नसेल, तर सोनोग्राफीत बघून सांध्यात भूल देणारं इंजेक्शन देतात. तात्पुरतं दुखणं थांबलं तर मूळ सांध्यातच असण्याची शक्यता खूप वाढते.

तक्रार एकच, तपासणीचं टेबल फार उंच आहे. खुबा दुखणाऱ्या माणसाला त्यावर चढायला पायरी तरी हवी. जाताना सैल कपडे घाला आणि पूर्वी घेतलेल्या औषधांची यादी जवळ ठेवा, विशेषतः स्टेरॉइडची.