यूसीई बुलेटचं 'टॅपेट सेटिंग' : मला लागलेला ९,९०० रुपयांचा चुना

माझी गाडी २०१४ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, म्हणजे यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन : इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात). ज्यांच्याकडे हेच इंजिन आहे त्यांनी पुढचं वाचायच्या आधी सर्व्हिसिंगची जुनी बिलं काढा आणि त्यात 'टॅपेट सेटिंग', म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट हाताने जुळवणं, अशी ओळ आहे का ते बघा. असेल तर तुम्हालाही चुना लागलाय, फक्त रक्कम वेगळी.

आधी एवढं समजून घ्या : इंजिनात फिरणारा कॅम लिफ्टरला उचलतो, लिफ्टर पुशरॉड नावाच्या दांडीला ढकलतो आणि त्यातून व्हॉल्व्ह उघडतो. आता माझं बिल असं : हायड्रॉलिक लिफ्टर जोडी ३,९००, पुशरॉड जोडी १,४५०, गॅस्केट सेट ६८०, ऑइल आणि फिल्टर १,३२०, मजुरी २,२००, टॅपेट सेटिंग ३५०. एकूण ९,९००. त्यातले ४,००० अ‍ॅडव्हान्स म्हणून यूपीआयने दिले आणि ५,९०० रोख, कारण 'साहेब, बाकीचं रोखच द्या, जीएसटी कशाला वाढवताय?' बिल म्हणजे वहीतला फाडलेला कागद. त्यावर ना शिक्का, ना सही.

आता कुणी म्हणेल, शिकलासवरलेला माणूस, कळलं कसं नाही? तर ऐका. आमच्या घरात वडिलांची कास्ट आयर्न, म्हणजे यूसीईच्या आधीच्या जुन्या इंजिनाची बुलेट होती. तिला टॅपेट सेटिंग खरंच लागायचं. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, उजव्या बाजूचं छोटं कव्हर उघडायचं, लॉकनट सैल करायचा आणि पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये, इतपत आणून परत आवळायचा. हे बघतच मी मोठा झालो. त्यामुळे दर सर्व्हिसिंगला ३५० रुपये टॅपेटचे लागले तर मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बुलेट म्हटली की टॅपेट आलंच! असल्या लोकांचा धंदा चालतो तो नेमका या समजुतीवर.

यूसीईमध्ये सेट करायला काही ठेवलेलंच नाही. पुशरॉड ठरावीक लांबीचे, त्यांना ना अ‍ॅडजस्टर ना लॉकनट. मधली फट हायड्रॉलिक लिफ्टर ऑइलच्या दाबावर आपोआप भरून काढतो. रात्रभर गाडी उभी राहिली की लिफ्टरमधलं थोडं ऑइल निथळतं, म्हणून सकाळी पहिले काही सेकंद टिकटिक होते आणि मग थांबते. माझ्या गाडीचा 'आजार' एवढाच होता. यावर गॅरेजवाल्याचं निदान : 'लिफ्टर गेलेत साहेब, पुशरॉड पण वाकलेत. असंच चालवलं तर कॅम खाऊन टाकेल, मग पंचवीस हजार धरा.' वर इंजिन उघडून एका लिफ्टरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, पुरावा म्हणून.

जीव जळतो तो त्या कागदामुळे. एकाच बिलावर वर 'हायड्रॉलिक लिफ्टर' आणि त्याच्याच खाली 'टॅपेट सेटिंग'. या दोन ओळी यूसीईच्या एका बिलावर नांदूच शकत नाहीत. तो कागद माझ्या हातात होता, मी बेरीज तपासली, बेरीज बरोबर आली म्हणून पैसे दिले. त्याने तिथंच स्वतःच्या हाताने चोरी लिहून दिली होती आणि मी आकडे मोजत बसलो! पण संध्याकाळची सात-साडेसातची वेळ, दुकानात गर्दी, हा माणूस 'मालक, बिनघोर जा' म्हणत पाठीवर हात ठेवतोय. अशा वेळी कोण बिलाचं व्याकरण तपासतं?

गाडी घरी आणली तर आवाज दुप्पट. आधी सकाळी पाच-सात सेकंद होता, आता गरम झाल्यावरही टकटक. फोन केला तर 'नवीन पार्ट आहे, हजार किलोमीटर चालवा, बसेल.' हे धादांत खोटं. लिफ्टर 'बसायला' हजार किलोमीटर लागत नाहीत. तो नीट तयार करून टाकला असेल तर थोड्या वेळात शांत होतो.

मग गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. तयार करणं म्हणजे काय, ते मला त्याने इंजिन उघडून दाखवलं. स्वच्छ वाटीत नवीन ऑइल, त्यात लिफ्टर उभा बुडवलेला, आणि सायकलच्या स्पोकने आतला प्लंजर हळूहळू दाबत राहायचा. प्रत्येक दाबाला बुडबुडे येतात. ते यायचे थांबले आणि प्लंजर कडक लागला की हवा गेली. मग बसवेपर्यंत तो उभाच ठेवायचा. बसवल्यावरही लगेच किक मारायची नाही, कारण भरलेला लिफ्टर व्हॉल्व्ह किंचित उघडा धरून ठेवू शकतो. जास्तीचं ऑइल निथळेपर्यंत थांबायचं. माझ्या गाडीत सगळं कोरडंच कोंबलं होतं.

आणि कोंबलं काय होतं? ऑइलच्या भोकाखाली एक तिरपा ओरखडा असलेला लिफ्टर. तोच ओरखडा माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत! माझाच जुना लिफ्टर पुसून परत घातला आणि ३,९०० घेतले. पुशरॉडही जुनेच, काचेवर लोळवून बघितले तर दोन्ही सरळ. दुसऱ्याने लिफ्टर धुऊन, हवा काढून, कंपनीने सांगितलेलं १५डब्ल्यू-५० ऑइल भरून १,८५० घेतले. आवाज गेला. एकही नवीन लिफ्टर लागला नाही.

मग चौकीत गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, 'हे दिवाणी प्रकरण आहे.' मी म्हटलं, साहेब, जुना पार्ट नवीन म्हणून विकला, यात दिवाणी काय? तर म्हणे, 'दहा हजारासाठी एफआयआर करायला लागलो तर आम्ही झोपायचं कधी?' भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीला किमान रकमेची अट कुठंही नाही. हे सांगितलं तर 'तुम्ही वकील आहात का?' अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला. परत गेलो तर अर्जच सापडेना. शेवटी गॅरेजवाल्याला माझ्यासमोर फोन लावला आणि दोघं हसतखेळत बोलले. त्यांची गाडी कुठं सर्व्हिसिंगला जाते, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या एका कार्यालयात सांगितलं, तज्ज्ञाचा लेखी अहवाल आणा. ज्याने गाडी उघडून दाखवली तो म्हणतो, 'दादा, काम करून देतो, पण लिहून देणार नाही. आम्हाला याच बाजारात राहायचंय.' त्याचंही बरोबर आहे. म्हणजे पुरावा आहे, साक्षीदार आहे आणि तरी कागद नाही.

म्हणून सांगतो, जुने पार्ट कामाच्या दिवशीच हातात मागा. नवीन पार्टचं पाकीट, त्यावरची एमआरपी आणि पार्ट नंबर यांचा फोटो काढा. इंजिन उघडायच्या आधी ऑइलची पातळी आणि ग्रेड तपासून घ्या, निम्म्या टकटकीचं मूळ तिथंच असतं. रोख देऊ नका. चौकीत अर्जाची दुसरी प्रत न्या आणि शिक्का मिळाल्याशिवाय पहिली सोडू नका.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. एकाच दुकानाने फसवलेल्या अनेकांना परवानगी घेऊन एकत्र तक्रार करता येते. यूसीई गाडी आणि बिलावर 'टॅपेट सेटिंग', असा कागद ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो फाडू नका. ३५० रुपयांचा असला तरी मला दाखवा.