आठ महिने मिनरलची गोळी: एचबीए१सी उतरलं, शुगर जागच्या जागी

आधीच कबूल करते, ही गोळी मी कुणालाही न विचारता सुरू केली. दुसऱ्या खेपेला मला गरोदरपणातला मधुमेह झाला होता. बाळंतपणानंतर शुगर नॉर्मलला आली आणि मी तो विषय विसरून गेले. हा मधुमेह होऊन गेलेल्या बायकांना पुढे टाइप २ होण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो, हे मला कळलं ते थेट अकरा वर्षांनी, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.१ आणि उपाशीपोटीची शुगर १०८ असा रिपोर्ट हातात पडल्यावर. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाचा उंबरठा. औषध नको, रोज चाला, वजन थोडं उतरवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी मान डोलावली आणि घरी येऊन गोळी शोधली. चालण्यापेक्षा गिळणं सोपं.

'महिलांसाठी' आणि 'शुगर सपोर्ट' असं लिहिलेला डबा घेतला. मागे बारीक अक्षरात: झिंक १५ मिलिग्रॅम, लोह १८ मिलिग्रॅम, मँगनीज २, तांबं १, क्रोमियम २०० मायक्रोग्रॅम, सेलेनियम १०० मायक्रोग्रॅम. तेव्हा मी ही यादी वाचली ती फक्त 'किती काय काय आहे!' एवढ्याच कौतुकाने.

पहिला आठवडा मळमळीत गेला. सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली की वीस मिनिटांत तोंडात नाणं चोखल्यासारखी चव यायची आणि मी बेसिन धरून उभी. हा झिंकचा प्रताप. जेवणानंतर घ्यायला लागले तशी मळमळ थांबली. शौचाला काळं व्हायचं, ते लोहामुळे. आधी माहीत नसल्याने एकदा चांगलीच घाबरले होते.

चौथ्या महिन्यात लॅबमध्ये जाऊन फक्त एचबीए१सी करून आले. ५.७! घरच्यांच्या ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकला, डब्याचाही टाकला. त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर पाच तारे दिले असते, वर दोन उसने आणून.

आठव्या महिन्यात सगळ्या तपासण्या करून डॉक्टरांकडे गेले. एचबीए१सी पुन्हा ५.७, उपाशीपोटी १०९. बाईंनी जुना आणि नवा रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवला, आणि मी ज्या आकड्याकडे बोट दाखवत होते तो सोडून वरच्या ओळीभोवती पेनाने गोल केला. जुन्यात हिमोग्लोबिन ९.६, नव्यात १२.४. म्हणाल्या, "साखर नाही हो उतरली. रक्त भरलंय तुमचं."

मग नीट समजावलं. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देतो. पण अंगात लोह कमी असेल तर नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचंच प्रमाण वाढतं आणि जुन्या पेशीला साखर चिकटायला जास्त दिवस मिळालेले असतात. त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो. लोह पोटात गेलं की ताज्या पेशींची भरती येते आणि शुगर तीच असूनही आकडा खाली येतो. पाळीत भरपूर रक्त जाणाऱ्या माझ्यासारख्या बाईला हे लागू पडणारच. दोन्ही वेळा उपाशीपोटीचा आकडा हलला नव्हता, ते माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही. खात्रीसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांची तपासणी केली: १६२. तिथे १४० च्या आत हवं, १९९ पर्यंत प्रीडायबेटिस. म्हणजे मी होते तिथेच.

मग घरी येऊन तो डबा पुन्हा हातात घेतला आणि या वेळी एकेक ओळ वाचली.

झिंकची बाजू त्यातल्या त्यात बरी. स्वादुपिंडाच्या बीटा पेशींमध्ये इन्सुलिन साठवताना सहा रेणूंचा जुडगा दोन झिंकच्या आयनांभोवती बांधला जातो, इतका त्यांचा घरोबा. अमेरिकेतल्या नर्सेस हेल्थ स्टडीत ८२,००० हून अधिक स्त्रियांचा २४ वर्षं मागोवा घेतला, त्यात सर्वांत जास्त झिंक मिळणाऱ्या गटात टाइप २ चा धोका सर्वांत कमीवाल्यांपेक्षा सुमारे १० टक्के कमी आढळला. पण ही नुसती निरीक्षणं आहेत. डबा विकत घेतल्याने तेवढा धोका उतरतो असं त्यातून निघत नाही. आणि झिंक बेताबाहेर घेतलं की तांब्याची कमतरता होते, ते वेगळंच.

क्रोमियमचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेलं. त्याची कीर्ती बरीचशी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णाच्या नोंदीवर उभी आहे: कित्येक वर्षं फक्त शिरेतून पोषण मिळणारी एक स्त्री, तिची बिघडलेली साखर क्रोमियम दिल्यावर सावरली. तोंडाने जेवणाऱ्या माणसाची गोष्टच निराळी. अमेरिकेत पन्नाशीपर्यंतच्या स्त्रीला दिवसाला २५ मायक्रोग्रॅम पुरेसं धरतात. माझ्या गोळीत त्याच्या आठपट. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर २०१४ मध्ये क्रोमियम शरीराला आवश्यक असल्याचा पटणारा पुरावाच नाही, असं म्हणून त्याची गरज ठरवायलाच नकार दिला.

पण मला खरा घाम फुटला तो सेलेनियमने. त्वचेच्या कर्करोगासाठी केलेल्या एका अमेरिकन चाचणीत रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिलं होतं. सरासरी ७.७ वर्षांनी पाहिलं तर सेलेनियमवाल्या गटात ५८ जणांना टाइप २ झाला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ३९ जणांना. दोन्ही गट जवळपास सारखेच, सहाशेच्या आसपास. ज्यांच्या रक्तात सेलेनियम आधीच जास्त होतं, त्यांना धोका सर्वांत जास्त. माझा डोस त्याच्या निम्मा, मान्य. आणि त्या चाचणीत पुरुषच जास्त होते, तेही मान्य. तरी ज्याला घाबरून गोळी सुरू केली त्याच्याच वाटेवर सेलेनियम उभं, हे काही मला पचेना.

लोहाचंही सरळ नाही. ज्याने माझं भलं केलं ते जास्त झालं तर उलटतं. नर्सेस स्टडीतच ज्यांच्या रक्तात फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, जास्त होता त्या स्त्रियांना मधुमेह जास्त झाला; मांसातून मिळणाऱ्या लोहाच्या बाबतीतही तसंच दिसलं. पाळी चालू आहे तोवर शरीरातून लोह बाहेर जात राहतं, पाळी गेल्यावर साठायला लागतं. म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन बघितल्याशिवाय लोह चालूच ठेवायचं नाही, असं बाईंनी दोनदा बजावलं. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: लोहाच्या आणि त्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. हे डब्यावर कुठेच नव्हतं.

तर माझे तारे पाचपैकी दोन, आणि ते दोन्ही लोहाचे. तेवढं काम साध्या लोहाच्या गोळीने केलं असतं. डबा बंद केला आहे. आता आठवड्याला १५० मिनिटं चालते. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये (२००२) तेवढं चालणं आणि ७ टक्के वजन उतरवणं हेच उद्दिष्ट ठेवलं होतं आणि मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. हेच मला आठ महिन्यांपूर्वी फुकट सांगितलं गेलं होतं.

परवा मावसबहिणीचा मेसेज आला. तिचं एचबीए१सी ६.० आलंय, "ताई, तुझ्या त्या गोळीचं नाव पुन्हा पाठव ना." मी म्हटलं, आधी रिपोर्टचं पहिलं पान पाठव. तिने पाठवलं. हिमोग्लोबिन १३.४. मग तिला फोनच लावला.