शिवाररस्त्यासाठी 43 ग्रेड सिमेंट: गोणीआधी माती बघा

केळीचे ट्रक वावरापर्यंत न्यायचे म्हणून शिवाररस्त्याची माती सिमेंटनं बांधायची असेल, तर 43 ग्रेडचं ओपीसी (साधं पोर्टलंड सिमेंट) तापीकाठच्या पोयट्याच्या मातीत पाचपैकी साडेचार गुण घेतं. भारी काळ्या मातीत तेच एकटं टाकलं तर दोनच.

दोष गोणीचा नाही, मातीचा आहे. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज पाणी पिऊन फुगतं, सुकलं की भेगाळतं. ओली माती चिकट, वाळली की दगडासारखी. सिमेंट ढेकळाला बाहेरूनच चिकटतं, आत कच्चीच माती राहते. पावसाळ्यात ती फुगते आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. प्लॅस्टिसिटी इंडेक्स (माती किती चिकट-लवचिक आहे याचा आकडा) 20 च्या आत असेल तर एकटं सिमेंट पुरतं. भारी काळ्या मातीत तो सहज 30 च्या वर जातो.

तिथे आधी चुना. 3 टक्के विरवलेला चुना रोटाव्हेटरनं मिसळा, पाणी मारा, हलकं दाबून एक दिवस मुरू द्या. माती रवाळ झाली, ढेकूळ बोटानं फुटायला लागलं, की मगच 4 ते 5 टक्के सिमेंट.

हिशेब असा: 100 चौरस मीटर, 15 सेंटिमीटर थर म्हणजे साधारण 22.5 टन कोरडी माती. 5 टक्के म्हणजे 1,125 किलो, साडेबावीस गोण्या. लांबीत आणि रुंदीत दर 2.1 मीटरवर एकेक गोणी ठेवून फोडली की सिमेंट सारखं पसरतं. अंदाजानं उधळलेलं सिमेंट हमखास कुठे जास्त, कुठे कमी पडतं.

पाणी पडल्यापासून 2 तासांत रोलर फिरलाच पाहिजे. उशीर झाला तर जमू लागलेलं सिमेंट रोलरखाली मोडतं. जळगावच्या मे महिन्यात हे काम पहाटेच उरकावं, नंतर 7 दिवस ओलं गोणपाट. पीपीसीही (राख मिसळलेलं पोझोलाना सिमेंट) चालतं, पण सुरुवातीची ताकद हळू येते. रस्ता जास्त दिवस बंद ठेवावा लागतो.

उकिरड्याजवळच्या मातीत सेंद्रिय अंश 2 टक्क्यांवर असेल तर सिमेंट नीट जमत नाही. खारवट रानात सल्फेट तपासल्याशिवाय चुना किंवा सिमेंट टाकूच नका. एट्रिंगाइटचे फुगणारे स्फटिक तयार होऊन थरच उचलला जातो.

घरी करता येणारी चाचणी: चाळलेली कोरडी माती 10 ग्रॅम पाण्यात, 10 ग्रॅम रॉकेलमध्ये, दोन मोजपात्रांत 24 तास ठेवा. पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा दीडपटीहून जास्त फुगली, तर सिमेंटच्या आधी चुन्याची ऑर्डर द्या.