रूफ बॉक्स, बोट आणि नऊ सेंटिमीटर

या रूफ बॉक्सबद्दल, म्हणजे गाडीच्या छतावर बसवायच्या सामानाच्या पेटीबद्दल, बाकीचं सगळं लोकांनी लिहून ठेवलंय. चारशे लिटर, दोन्ही बाजूंनी उघडतो, ७५ किलोची मर्यादा, पूर्ण बंद झाल्याशिवाय चावी निघत नाही. ते पुन्हा उगाळत नाही. मी लिहितोय उंचीबद्दल, कारण ब्रिटनमधून गाडी बोटीवर चढवून युरोपात न्यायची असेल तर या पेटीचं बाकी काहीही त्या एका आकड्याइतकं महत्त्वाचं नाही. आणि तोच आकडा कंपनीने अर्धवट छापलाय.

बोटीचं बुकिंग करताना गाडीचा नंबर आणि लांबी विचारतात, तशी उंचीही विचारतात, तीही छतावरच्या सामानासकट. ठरावीक उंचीच्या वर गेलात की भाडं वाढतं. ही रेषा प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने आखलेली आहे. बोट नको, इंग्लंड आणि फ्रान्समधल्या इंग्लिश चॅनलखालच्या बोगद्यातून गाडी रेल्वेवर चढवून नेऊ म्हटलं, तर तिथे ती रेषा १.८५ मीटरवर. त्याच्या वरच्या गाड्या दुमजली डब्यात चालत नाहीत, त्यांना एकमजली डब्यात पाठवतात.

आता माझं गणित बघा. गाडी १.४५ मीटर. पेटीच्या माहितीपत्रकात उंची ३९ सेंटिमीटर. बेरीज १.८४. म्हणजे बोट घ्या नाहीतर बोगदा, दोन्हीकडे खालच्या दरात. वा! पेटी घरी आली, क्रॉसबार (छतावरचे आडवे दांडे) बसवले, पेटी चढवली आणि सवयीप्रमाणे टेप लावली. जमिनीपासून पेटीच्या माथ्यापर्यंत १.९३. पुन्हा मोजली, सपाट जागी गाडी नेऊन, टायरमधली हवा बघून. १.९३.

मधले नऊ सेंटिमीटर क्रॉसबारचे. पेटी छताला चिकटून बसत नाही, बारवर बसते, आणि बारखाली पाय असतात. हे न कळण्याइतकं कुणी खुळं नाही. पण बार त्याच कंपनीचे, त्याच पानावर ‘सोबत घ्या’ म्हणून लावलेले, आणि बसवल्यावर एकूण किती उंची वाढेल याचा उल्लेख कुठेही नाही. जोडीने विकता, मग जोडीने मोजा की.

ग्राहक सेवेला लिहिलं. पहिलं उत्तर आलं की उंची ‘उत्पादनाची’ दिलेली आहे. मी विचारलं, बारशिवाय हे उत्पादन कुठे ठेवायचं, माडीवर? त्यावर गाडीगणिक फरक पडतो असं उत्तर आलं. ठीक, मग माझ्या गाडीसाठीचा पायांचा संच तुम्हीच निवडून दिलात ना, त्याची उंची तुम्हाला माहीत असणार. यावर काही दिवस शांतता, मग एक सवलतीचं कुपन. कुपन पुढच्या खरेदीवर. मला दुसरी पेटी घ्यायची नाहीये हो!

बोटीचं बुकिंग आधीच झालं होतं, कारण शेंगेन व्हिसाच्या अर्जाला प्रवासाची कागदपत्रं जोडायची होती. ते बदलायला बदलाचं शुल्क वेगळं आणि वरच्या दरातला फरक वेगळा. दोन्ही मिळून पेटीच्या किमतीचा दहावा हिस्सा तरी गेला. लोक म्हणतील एवढ्याशा पैशासाठी किती ते. पण ज्या पेटीसाठी मी सेलची वाट बघत बसलो, तिच्यावर वाचवलेले पैसे असे हवेच्या नऊ सेंटिमीटरला घालायचे?

भरतानाचं थोडं. ७५ किलो हा पेटीचा आकडा झाला. गाडीच्या छताची स्वतःची मर्यादा असते आणि तिच्यात पेटीचं आणि बारचं वजनही धरायचं असतं. माझ्या छताचीही मर्यादा ७५ च, त्यातून पेटी आणि बार वजा केल्यावर हातात उरले पन्नासच्या आसपास. तंबू, झोपायच्या पिशव्या, मुलांचे जाडे जॅकेट असलं हलकं आणि फुगीर सामान वर. भांडी आणि पाणी खाली डिकीत. फ्रान्समध्ये गाडी बंद पडल्यावर घालायचं चमकणारं जाकीट हाताशी, गाडीच्या आतच लागतं, पेटीत ठेवलं तर उपयोग नाही. पासपोर्टही आत ठेवा: डोव्हर बंदरात फ्रेंच पोलीस बोटीत चढण्याआधी इंग्लंडच्याच जमिनीवर ते तपासतात.

डोव्हरला सुरक्षा तपासणीत आम्हाला बाजूला घेतलं आणि पेटी उघडायला सांगितली. डावीकडे तपासणी करणारी बाई, उजवीकडे दुसरी गाडी खेटून उभी. डावीकडून उघडली, बाईंनी तंबू दाबून बघितला, झाकण खाली, चावी बाहेर. दोन्हीकडून उघडण्याला मी विकत घेताना काडीची किंमत दिली नव्हती. तिथे दिली.

आणि पुढे जे झालं त्याने माझा राग निम्मा उतरला. उंच गाड्यांची रांग वेगळी. बुटक्या गाड्यांना रॅम्पवरून वरच्या ठेंगण्या मजल्यावर चढवत होते. आम्हाला ट्रक आणि बसच्या मजल्यावर घातलं. लोखंडी पत्र्यावर टायर गेला की खडाड आवाज, जमिनीला जाड साखळ्या, आणि माणूस हातवारे करून अगदी बोटभर पुढे, अजून बोटभर पुढे घेतोय. हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, अलार्म बंद (नाहीतर बोट हलली की तो बोंबलत राहतो). पण डोक्यावर ही एवढी जागा! पेटीचं झाकण पूर्ण उघडलं, मुलांचे जॅकेट काढले आणि बंद केलं. वरच्या मजल्यावर असतो तर झाकण उघडून छताला आपटलं असतं. बोट सुटल्यावर गाड्यांच्या मजल्यावर परत जाता येत नाही, त्यामुळे जे काढायचं ते तेव्हाच. दीड तासाचा प्रवास, डेकवर बोचरा वारा, आणि जॅकेट अंगात. जास्तीच्या पैशाचं काहीतरी मिळालं म्हणायचं.

फ्रान्समध्ये मोटारवेवर ताशी १३० किलोमीटरची मर्यादा आहे, पण मी ११० च्या वर गेलो नाही. एकतर ॲव्हरेज पडतं, आणि दुसरं म्हणजे शिट्टी. ११५ च्या पुढे बारमधून अशी बारीक शिट्टी सुरू होते की मागे झोपलेलं पोर उठतं. टोलला आकडा आमच्या बाजूने लागला: २ मीटरपर्यंत सगळ्यात खालचा वर्ग, आम्ही १.९३. भूमिगत पार्किंगमध्ये मात्र १.९० चा फलक दिसला की गाडी वळवायची. तीन सेंटिमीटर! तिथे पुन्हा त्या माहितीपत्रकाची आठवण काढली, शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

अपडेट: हे लिहून ठेवल्यावर इंग्लंडमधल्या हारविचहून नेदरलँड्समधल्या हूक ऑफ हॉलंडची रात्रीची बोट केली. या वेळी फॉर्मवर पहिल्यापासूनच १.९५ टाकले, दोन सेंटिमीटर सामान वर-खाली झाल्यास म्हणून. कुणी काही विचारलं नाही. नेदरलँड्समध्ये मोटारवेवर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ बहुतेक ठिकाणी १०० चीच मर्यादा आहे. त्या वेगात शिट्टी नाही आणि ॲव्हरेजही बरंच सुधारलं. पेटी नसताना मिळतं तितकं नाही, पण तक्रार करावी असंही नाही.

परत आल्यावर झाकणाचा एक बिजागर सैल झाला. म्हटलं आता परत तेच, ‘उत्पादन’ वगैरे ऐकायचं. फोटो पाठवला आणि आठवड्याच्या आत नवा बिजागर घरी, पैसे न घेता, स्क्रूंसकट. याच लोकांनी मला कुपन पाठवलं होतं यावर विश्वास बसेना. म्हणून एक तारा वाढवतोय. दोन होते, तीन केले. चौथा मी त्या पानावर बारसकट उंची छापून आल्यावर देईन, आणि तोपर्यंत मी दर महिन्याला बघतो.

घ्यायची का? बोटीने जाणार असाल आणि गाडी मुळातच उंच असेल तर खुशाल घ्या, तुम्ही तसेही वरच्या दरातच असणार. हॅचबॅक असेल आणि बोगद्याने जायचं असेल तर बुटकी, लांबट पेटी बघा, आणि तीही आधी बारसकट बसवून मोजा, बुकिंग त्यानंतर. दुकानदार मोजू देत नसेल तर टेप खिशात ठेवा. शिट्टी नको असेल तर बार चौकोनी घेऊ नका, विमानाच्या पंखाच्या आकाराचे घ्या, थोडे महाग पडतात. माझे चौकोनी आहेत. बदलायचे का हे त्या कुपनाची मुदत संपायच्या आत ठरवायचंय.