दहा महिने बॅटरी चार्जर वापरून: सगळं आहे, फक्त ऑटो स्विच नाही

मे महिन्यात पुण्याहून, लेकीकडून परत आलो. गाडी सतरा दिवस शेडमध्ये उभी होती. चावीचं बटण दाबलं, गाडी गप्प. परत दाबलं, तरी गप्प. शेवटी चावीचं पातं दारात घालून हाताने कुलूप उघडलं. गाडी पोर्शे बॉक्सटर. तिच्या दाराला काचेभोवती चौकट नसते, म्हणून दार उघडताना काच आपोआप बोटभर खाली सरकते. त्या दिवशी ती सरकलीच नाही, रबराला करकरत घासून बाहेर आली. तिथंच कळलं, बॅटरी उतरली.

आता ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांना पुढचा तमाशा माहीत असेल. बॅटरी पुढच्या डिक्कीत, आणि डिक्की उघडते विजेवर. म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीतच. पायापाशी जो फ्यूज बॉक्स आहे त्यात एक लाल टोक असतं, ते बाहेर ओढायचं, दुसऱ्या बॅटरीचा प्लस त्याला लावायचा, मायनस दाराच्या लॉकच्या लोखंडी कडीला, आणि मग चावीचं बटण दाबायचं. शेजारच्या पोराच्या मोटरसायकलची बॅटरी काढून आणली नि केलं. डिक्की उघडली, पण सोबत अलार्मही बोंबलायला लागला. दुपारचे दोन, ४२ डिग्री ऊन, सगळी गल्ली झोपलेली. पोरगं म्हणालं, "काका, चोरीची आहे का?"

राग बॅटरीचा नाही आला. राग आला तो चार्जरचा. कारण चार्जर सतरा दिवस लावलेलाच होता! पण स्टँडबायचा, म्हणजे चालू पण काम बंद असल्याचा, दिवा निवांत लुकलुकत बसला होता.

थोडं मागचं सांगतो. गाडी २०११ ची, सेकंडहँड. जालन्यात ही गाडी रोज चालवायची सोयच नाही. स्पीडब्रेकरला पोट घासतं, आणि मोंढ्यात उभी केली की दहा माणसं काचेला नाक लावून आत बघतात. मग महिन्यातून एखादा रविवार सकाळी सहाला समृद्धीवर चढायचं, ऊन तापायच्या आत घरी. बाकी दिवस गाडी उभी. औरंगाबादकरांनी २०१० साली एकदम दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या, ती बातमी देशभर गाजली. पण घेतलेली गाडी उभी असताना काय करायचं हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे पोळ्यापुरता सजवलेला बैलसुद्धा वर्षभर वैरण खातो. गाडीचंही तसंच आहे. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, लॉकचा रिसीव्हर जागे असतात नि थेंबथेंब करंट पीत राहतात.

एक काका सांगतात, "आठवड्याला पाच मिनिटं चालू करून ठेवत जा." ऐकू नका. आठवडाभरात झिरपलेलं पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये नीट भरून निघत नाही, आणि थंड इंजिनात, सायलेन्सरमध्ये ओल धरते ती वेगळीच.

म्हणून चार्जर घेतला. नऊ हजाराला. गाडीत एजीएम बॅटरी, म्हणजे काचेच्या जाळीत अॅसिड शोषून ठेवणारी सीलबंद बॅटरी, ती महाग असते, त्या हिशोबाने नऊ हजार सोसले. आणि खरं सांगायचं तर चार्जिंगच्या कामात खोट काढायला जागा नाही. १४.७ व्होल्टपर्यंत भरतो, मग १३.६ वर धरून ठेवतो. तापमानाचा सेन्सर आहे, त्यामुळे शेडचा पत्रा तापला की व्होल्टेज आपणहून कमी करतो. आपल्याकडच्या उन्हात हे हवंच, नाहीतर बॅटरी आतून शिजते. वीज किती खातो? पाच वॅट धरले तर महिन्याला साडेतीन युनिट. बायको म्हणाली, "एवढी गाडी घेतली आणि साडेतीन युनिट काय मोजता?" मोजतो. सवय आहे.

पण लाईट गेली आणि परत आली, की हा बाबा सगळं विसरतो! स्टँडबायला जाऊन बसतो. परत बटण दाबून एजीएम मोड निवडा, तेव्हा कामाला लागणार. आता सांगा, जालन्यात मे महिन्यात लाईट किती वेळा जाते? वारा सुटला की गेली, डीपी जळाली की गेली, काहीच नाही झालं तरी गेली. मी पुण्याला निघालो त्याच रात्री वळवाचा पाऊस आला नि तासभर लाईट नव्हती, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. म्हणजे चार्जरने पहिल्याच रात्री अंग टाकलं.

कंपनीला फोन केला. बाई फार गोड बोलल्या. "सर, डिव्हाइस परफेक्ट आहे. पॉवर कट हा युजर साइड इश्यू आहे." म्हटलं, मॅडम, आमच्या शेतात विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे. तिच्या स्टार्टरला हजारभर रुपयांचा ऑटो स्विच आहे. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते, रात्री दोनलासुद्धा, कुणी उठत नाही. महावितरण उलट काढा म्हणून मागे लागतं, कारण सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की ट्रान्सफॉर्मर बसतो. जी अक्कल विहिरीवरच्या डब्याला आहे ती तुमच्या नऊ हजारांच्या डब्याला का नाही? बाईंनी तक्रार नंबर दिला. तो नंबर अजून माझ्याकडे आहे.

बॅटरी मोजली तर ७.४ व्होल्ट. आठच्या खाली हा चार्जर बॅटरीला बॅटरी मानतच नाही, एरर दाखवतो. मग बसस्टँडजवळच्या बॅटरीवाल्या चाचांकडे नेली. त्यांच्याकडे गुंगुं आवाज करणारा जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर. चाचांनी लावला, दोन तासांनी दहाच्या वर आणली नि म्हणाले, "अब आपके साहब को दो, पी लेगा." प्याला. पण पूर्वीसारखी ती आता नाही. भरून, रात्रभर ठेवून मोजली की १२.५ वर थांबते, आधी १२.८ दाखवायची. एकदा तळ गाठला की आतल्या प्लेटांवर सल्फेट बसतं, ते सगळं निघत नाही.

इथपर्यंतचं मी जूनमध्येच लिहून ठेवलं होतं. एक स्टार देणार होतो. मग एक शंका मनात बसली. बॅटरी ७० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे किती अँपिअर किती तास पुरतील त्याचं माप). अशी गाडी बंद असताना तीस-चाळीस मिलीअँपिअर ओढते. ४० धरले तरी दिवसाला एक एएचसुद्धा होत नाही. सतरा दिवसांत १६-१७ एएच जायला हवे होते. गेले जवळजवळ सगळे. मग बाकीचं पीत कोण होतं?

मीटर काढला. बॅटरीचा मायनस सोडून मीटर मध्ये सिरीजला लावला, दहा अँपिअरच्या रेंजवर. डिक्कीचं लॉक स्क्रूड्रायव्हरने खटकन बसवलं, म्हणजे गाडीला वाटतं डिक्की बंद आहे. गाडी लॉक केली नि चाळीस मिनिटं चहा पीत बसलो, कारण तिला झोपायला वेळ लागतो. (मीटर मध्ये असताना चुकूनही स्टार्टर मारू नका. मी मारला. मीटरचा फ्यूज गेला. दुसऱ्या दिवशी नवा आणून पुन्हा पहिल्यापासून.) आकडा आला १५० मिलीअँपिअर. फ्यूज एकेक काढत गेलो, आकडा हलेना. शेवटी डॅशच्या खाली काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली एक वायर सापडली. आधीच्या मालकाचा ट्रॅकर! सिम केव्हाच बंद पडलेलं, आणि तो बापडा दिवसरात्र नेटवर्क शोधत बसलेला. वायर काढली, आकडा ३२ वर आला. १५० म्हणजे दिवसाला ३.६ एएच, सतरा दिवसांचे झाले ६१. त्यात तीन वर्षांची बॅटरी, तिचे कागदावरचे सत्तर आता सत्तर राहिलेले नाहीत. हिशोब जुळला.

म्हणजे खून ट्रॅकरने केला, चार्जर फक्त पहारा सोडून झोपला होता. त्यामुळे एकाचे तीन स्टार करतोय. अर्धा स्टार अजून द्यावासा वाटतो, पण त्या बाईंचं "युजर साइड" आठवतं.

आता पद्धत बदलली. बॅटरीला गोल कानाचा कायमचा जोड लावून वायर पुढच्या बंपरमधल्या टो-हुकच्या झाकणामागे आणून ठेवली. डिक्की न उघडता चार्जर लागतो, आणि उद्या परत बॅटरी मेली तर त्याच वायरीतून दुसऱ्या बॅटरीचा करंट देऊन डिक्की उघडता येते. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मध्ये आठवडाभर चार्जर घरच्या इन्व्हर्टरवरही टाकून पाहिला. छोटी लाईट गेली तर तो तगतो, पण एकदा नऊ तास लाईट नव्हती, इन्व्हर्टरच बसला आणि हा परत स्टँडबायला. शिवाय एका बॅटरीचं रक्त काढून दुसरीला पाजायचं, हे माझ्या हिशोबात बसलं नाही.

ओढ ३२ वर आल्यावर रोज लावून ठेवायची गरजही उरली नाही. पंधरा दिवसांतून एक रात्र पुरते. लावताना मीटरवर १२.४ च्या खाली दिसलं तर दोन रात्री.

बाकीचे दिवस चार्जर भावाकडे गावाला असतो, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. त्याला म्हटलं, लाईट गेली की हा विसरतो बरं का, परत बटण दाबावं लागतं. तो म्हणाला, "मग त्याला बी ऑटो स्विच बसवून घ्यायचा की."