बंद पडलेला टीव्ही: बोर्डाची दुरुस्ती, बोर्डबदल की नवा संच?

गुहागर किंवा मालवणकडचे वर्षभर कुलूपबंद असलेले घर गणपतीसाठी उघडावे, कोळिष्टके काढून होताच टीव्हीचे बटण दाबावे आणि तो ढिम्म राहावा, हा अनुभव चाकरमान्यांना नवा नाही. पुढे तीन वाटा असतात: गावच्या मेकॅनिककडून आहे तोच बोर्ड दुरुस्त करून घेणे, कंपनीच्या सेवा केंद्रातून बोर्ड बदलून घेणे किंवा नवा संच आणणे. यांतली कोणती धरावी हे ठरवताना संचाच्या किमतीआधी त्याच्या कडेचा लाल दिवा पाहावा.

अर्थात, त्याआधी त्याच सॉकेटवर मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का हे पाहावे, रिमोटचे सेल बदलावेत आणि टीव्हीच्या खालच्या कडेला किंवा मागे असलेले बटण दाबून पाहावे. प्लग काढून तेच बटण अर्धा मिनिट दाबून धरले आणि काही मिनिटांनी प्लग पुन्हा लावला, तर अडकलेला संच कधीकधी सुरू होतो.

लाल दिवा अजिबात लागत नसेल तर पहिला संशय पॉवर बोर्डावर, म्हणजे संचाला वीज पुरवणाऱ्या पट्टीवर घ्यावा, आणि येथे गावचा मेकॅनिक सेवा केंद्रापेक्षा सरस ठरतो, असे माझे मत आहे. फुगलेले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) किंवा जळालेला फ्यूज हे सुटे भाग स्वस्त असतात, तर सेवा केंद्रात बहुधा सबंध बोर्डच बदलला जातो. मात्र फ्यूज सहसा आपणहून जळत नाही. पुढे कुठेतरी शॉर्ट झालेले असते, म्हणून केवळ फ्यूज बदलून संच परत देणाऱ्याला मूळ कारण जरूर विचारावे. मागचे झाकण स्वतः उघडू नये, कारण पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर दाब काही काळ शिल्लक राहू शकतो.

दिवा लागतो पण संच उठत नाही, किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा मदरबोर्डात (चित्र-आवाज सांभाळणाऱ्या मुख्य बोर्डात) किंवा बॅकलाइटमध्ये (पडद्यामागच्या दिव्यांत) असतो. मदरबोर्डावरचे भाग इतके बारीक असतात की तेथे डाग देत बसण्यापेक्षा बोर्ड बदलणे बरे. पण बोर्ड मागवताना नुसते मॉडेलचे नाव सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये निरनिराळे पॅनल, म्हणजे पडदे, असू शकतात, म्हणून जुन्या बोर्डावरचा क्रमांक जुळवावा लागतो. आवाज येतो आणि चित्र दिसत नाही, अशा वेळी काळोखात पडद्यावर तिरका टॉर्च धरावा. अंधुक चित्र दिसले तर बहुधा बॅकलाइटच्या पट्ट्या गेल्या आहेत. त्या सगळ्या एकदम बदलाव्यात, कारण त्यासाठी नाजूक पॅनल उचलावे लागते आणि हा धोका दोनदा पत्करण्यात अर्थ नाही.

पॅनलच फुटले असेल तर फार विचार करू नये, कारण संचातला सर्वांत महाग भाग तोच असतो. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने या बाबतीत नव्या संचाचे पारडे आणखी जड झाले आहे.

हा हिशोब किनाऱ्यावर मात्र बदलतो. खाऱ्या हवेने बोर्डावर हिरवट बुरशीसारखा थर धरला असेल, तर आज एक जोड दुरुस्त होईल आणि महिन्याभरात शेजारचा सुटेल; समुद्रासमोरच्या घरात असा बोर्ड दुरुस्त करण्यापेक्षा मी तो बदलूनच घेईन. पाली आणि मुंग्या उबेसाठी आत शिरतात व शॉर्ट करतात, तो प्रकार त्यामानाने सोपा. साफसफाई आणि एखाद-दुसऱ्या भागावर अनेकदा निभावते. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये आला तशा पुराचे गढूळ पाणी आत गेले असेल, तर संच सुरू करून पाहूच नये आणि जुना असल्यास दुरुस्तीवर पैसेही घालू नयेत.

वळवाच्या विजेने बंद पडलेल्या संचात पॉवर बोर्ड आणि मदरबोर्ड दोन्ही तपासून घ्यावेत, कारण तडाखा पुष्कळदा डिशच्या केबलीतून सेट-टॉप बॉक्सवाटे एचडीएमआय पोर्टात पोचतो. दोन्ही बोर्ड गेले असतील आणि संच सात-आठ वर्षांचा असेल, तर नवा घ्यावा. एकच गेला असेल तर दुरुस्ती परवडते. मेकॅनिककडे गणपतीच्या तोंडावर संचांची रास लागते आणि बोर्ड बाहेरून मागवायचा झाल्यास दिवस मोडतात, तेव्हा आरतीआधी टीव्ही हवाच असेल तर मेकॅनिकने किती दिवस सांगितले, यावरच निर्णय अवलंबून राहतो.