लाइव्ह व्ह्यूवर दाखवलेला कॅमेरा

सांगली-मिरजेत सेकंडहँड डीएसएलआर घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा. माझे 46 हजार गेले, आणि ओळखीच्या घरचा साखरपुडा माझ्या हातून बिघडला.

निकॉन डी7200 ची बॉडी आणि 85 मिमी एफ 1.8 लेन्स. दुकानदाराने शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) दाखवला, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढायची सोय, चालू केली आणि रस्त्यापलीकडची पाटी टिपली. अक्षर न् अक्षर स्वच्छ. "लेन्स परवाच आलीय, दुसऱ्या पार्टीची. एक ओरखडा नाही बघा," असं म्हणत तीही त्याने स्क्रीनवरच चालवून दाखवली. व्ह्यूफाइंडरला, म्हणजे वरच्या बघायच्या खिडकीला, मी डोळा लावलाच नाही.

साखरपुडा विश्रामबागेत होता. मुलीचे क्लोजअप मी दोन मीटरवरून, एफ 1.8 वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून घेतले. एवढ्या अंतरावर या लेन्सचा फोकस जेमतेम 4 सेंटिमीटर जाडीचा असतो. रात्री फोटो उघडले तर पापण्या धूसर आणि कानातले झुमके लखलखीत. पुढच्या फोटोत डोळे बरोबर, त्याच्या पुढच्यात नाकाचा शेंडा तेवढा स्पष्ट. पोटात गोळाच आला. तो क्षण परत कुठून आणायचा? मुलीच्या आईला फोन करायला मला दोन दिवस लागले.

दुकानदार म्हणाला, "दादा, हात हलतोय तुमचा." शटर 1/500 सेकंदावर होतं, आणि हात हलला असता तर झुमकेही फिसकटले असते.

व्ह्यूफाइंडरमधून फोटो काढताना फोकस मुख्य सेन्सर ठरवत नाही. लेन्सच्या मागे असलेल्या मोठ्या आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावरून खाली वळतो आणि तळाशी बसवलेल्या एएफ (ऑटोफोकस) सेन्सरवर पडतो. छोटा आरसा केसभर जरी वाकला तरी फोकस चुकतो. लाइव्ह व्ह्यूत मात्र दोन्ही आरसे वर जातात आणि फोकस थेट मुख्य सेन्सरवरून ठरतो, त्यामुळे आरशाचा दोष तिथे दिसतच नाही. दुकानदाराला हे चांगलंच ठाऊक होतं.

ते कशावरून? मेनूत एएफ फाइन-ट्यून, म्हणजे फोकस थोडा पुढे-मागे सरकवायची सेटिंग, उघडलं तर 85 च्या लेन्ससमोर -20 साठवलेलं. हे शेवटचं टोक, आकडा त्याच्या खाली जातच नाही. मी त्या सेटिंगला हात लावला नव्हता. लेन्स जर परवाच दुसऱ्याकडून आलेली, तर या बॉडीवर ती लावून हा आकडा बहुधा दुकानातच भरला गेला. कॅमेरा फोकस मागे टाकतो हे त्याला कळलं होतं आणि तरी त्याने तो मला विकला.

शिवाय फाइन-ट्यूनने एकसारखीच चूक सुधारते. दर वेळी फोकस तेवढाच मागे पडत असेल तर आकडा बदलून भागतं. माझा कॅमेरा कधी मागे जायचा, कधी पुढे. ट्रायपॉडवर लावून, समोर पट्टी तिरकी ठेवून दहा फोटो काढले. दहापैकी तीनच बरोबर आले. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं तर छोट्या आरशाची बिजागरी वाकलेली, स्क्रूवर स्क्रू ड्रायव्हरचे ताजे चरे. कॅमेरा आपटलेला होता आणि आधी कुणीतरी खोललेलाही होता.

तुम्ही दुकानात उभे असाल तर मेनूतलं फाइन-ट्यून आधी बघा, मग ते बंद करा. मोठ्या अॅपर्चरची लेन्स पूर्ण उघडी ठेवून, व्ह्यूफाइंडरमधून, मधल्या फोकस पॉइंटने एकाच वस्तूचे दहा फोटो काढा. दर फोटोआधी फोकस रिंग फिरवून मुद्दाम बिघडवा. मग फोटो स्क्रीनवर 100 टक्के मोठे करून बघा. दुकानदार घाई करू लागला तर तिथूनच मागे फिरा.

आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्याच. माझ्या बिलावर नुसतं 'जुना कॅमेरा, 1 नग' आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर मी तक्रार नोंदवलीय, पण 'हा कॅमेरा आमच्याकडचा नाहीच' असं दुकानदार आता म्हणतोय.